बॅटरी बदलायची आहे, पण गाडीनं काही विसरायला नको

मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०१७ सालची पेट्रोलवरची ऑटोमॅटिक गाडी आहे. मागच्या खेपेला घराखालीच बॅटरी बदलून घेतली, तर घड्याळ शून्यावर गेलं, म्युझिक सिस्टीम कोड मागू लागली, ड्रायव्हरकडची काच एका झटक्यात वर जाईना आणि सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची. आता पुन्हा बॅटरी थकली आहे. त्या विचारतात, ‘या वेळी काहीच जाऊ नये असं करता येतं का? भाऊ म्हणतो, गाडी चालू ठेवूनच बॅटरी काढायची. शेजारचे काका म्हणतात, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा. कोणाचं ऐकू?’

ताई, दोघांचंही नका ऐकू. भावाचं तर अजिबातच नाही.

गाडी चालू ठेवून बॅटरी काढायची युक्ती ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळातली आहे. त्या गाड्यांत बिघडायला इलेक्ट्रॉनिक असं फारसं काही नव्हतंच. आज बॅटरी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती धक्का झेलणारी गादीसुद्धा आहे. अल्टरनेटर बॅटरीत करंट ढकलत असताना तुम्ही मध्येच टर्मिनल उचललं, की तो करंट एका क्षणात थांबत नाही. जायला जागा नसली की व्होल्टेज उसळतं. अल्टरनेटरच्या आत अटकाव करणारे डायोड असतील तर उसळी साधारण ३५ व्होल्टपर्यंत थांबते. ते नसतील तर १२ व्होल्टच्या गाडीत क्षणभर १०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. इंजिनाचा कंट्रोलर, एअरबॅगचा कंट्रोलर, म्युझिक सिस्टीम, सगळे त्याच तारेवर बसलेले असतात. घड्याळाची वेळ वाचवायला निघायचं आणि हजारोंचा कंट्रोलर जाळून बसायचं, हा कुठला हिशेब?

काकांची युक्ती घातक नाही, पण फुकट आहे. नऊ व्होल्टच्या सेलमध्ये जेमतेम अर्धा अँपियर-अवर दम असतो. गाडी गाढ झोपलेली असेल तर ती २० ते ५० मिलिअँपियर खाते. तेवढं तो सेल कसाबसा पुरवेल. पण कोणी दार उघडलं, आतला दिवा लागला, दारं-दिवे सांभाळणारा बॉडी कंट्रोलर जागा झाला, की मागणी अँपियरमध्ये जाते आणि सेल तिथंच झोपतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत लायटरचं सॉकेट चावी बंद केल्यावर बंदच होतं. ते चालू ठेवायला चावी ॲक्सेसरीवर ठेवली, तर अर्धी गाडी जागी झाली म्हणून समजा. सेल लावून समाधान मिळतं, सेटिंग उरत नाही.

आता मुळात काय जातं आणि काय जात नाही, हे नीट पाहू. भीतीपोटी लोक नको त्या गोष्टी जपतात.

गाडीत लिहिणं दोन प्रकारचं असतं. एक पाटीवरचं आणि एक दगडावर कोरलेलं. किलोमीटरचं रीडिंग, चावीची ओळख म्हणजे इमोबिलायझर, रिमोटची जोडणी हे कोरलेलं. बॅटरी महिनाभर काढून ठेवली तरी ते जागेवर राहतं. ‘बॅटरी काढली म्हणून चावी मरेल’ असं कोणी सांगून स्कॅनिंगचे पैसे मागत असेल तर हसून पुढे चला. घड्याळ, रेडिओची स्टेशनं, ट्रिप मीटर, ॲव्हरेजचा आकडा, काच आणि सनरूफचं ‘कुठे थांबायचं’ हे ज्ञान, इंजिनानं तुमच्या गाडीपुरतं शिकलेलं बारीकसारीक शहाणपण हे बहुतेक पाटीवरचं. सप्लाय गेला की पुसलं. कोणती गोष्ट पाटीवर आणि कोणती दगडावर, हे गाडीगाडीप्रमाणे बदलतं. पण सर्वसाधारण वाटणी अशी.

तुमची गाडी सिग्नलला का थरथरत होती, त्याचं उत्तरही इथेच आहे. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीवर वर्षानुवर्षं काजळी बसते आणि हवेची वाट अरुंद होते. कंट्रोलर ते ओळखतो आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, पाकळी थोडी जास्त उघडायला शिकतो. हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही. बॅटरी काढली, शिकलेलं पुसलं, आणि कंट्रोलर पुन्हा कारखान्यातल्या कोऱ्या आकड्यावर आला. तो आकडा स्वच्छ थ्रॉटलसाठी असतो, तुमच्या काजळलेल्या थ्रॉटलसाठी नाही. हवा कमी पडते आणि गाडी थरथरते. म्हणजे बॅटरी बदलल्यानं बिघाड झाला नव्हता, आधीचा मळ उघडा पडला होता.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बॅटरी पूर्ण मेली असेल, डॅशबोर्डवर दिवाही लागत नसेल, तर जपायला काही उरलेलंच नसतं. पाटी आधीच पुसली गेली आहे. सेटिंग वाचवायची असेल तर बॅटरी मरायच्या आधी बदलावी लागते, आणि आपल्या नागपुरात ती जरा लवकरच मरते. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते. तेवढं तापमान दर वर्षी येत नसलं तरी ४५ चा उन्हाळा काही नवलाचा नाही, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. ढोबळ हिशेब असा की, दर १० अंश वाढीला बॅटरीच्या आतल्या प्लेटा झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. नुकसान मे महिन्यात होतं आणि बोंब डिसेंबरच्या सकाळी उठते, कारण थंडीत इंजिन जड फिरतं आणि सेल्फला जास्त जोर लागतो. म्हणून तीन वर्षं झाली की तपासणी करायची.

तपासणी बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यानं करू नका. तो डोळा सहापैकी एकाच कप्प्याचं पाणी पाहतो, बाकी पाच कप्पे काय करून राहिले याची त्याला खबर नसते. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सेन्सर खोटं बोलतो हे आम्हा वायरिंगवाल्यांना नवीन नाही. मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे अर्धं, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरीचे दिवस भरले. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. ते दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरकडे आहे, नवी बॅटरीही दोन महिन्यांत बसेल.

सेटिंग जपायचा उद्योग करावाच का, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. साध्या गाडीत, जिथे घड्याळ आणि रेडिओच जायचं आहे, तिथे मी बॅकअप लावत नाही. दोन मिनिटांत घड्याळ लागतं. बॅकअप लावला की एक नवा धोका येतो, तो पुढे सांगतो. पण म्युझिक सिस्टीम कोड मागणारी असेल आणि कोडचं कार्ड सापडत नसेल, किंवा सनरूफ, आठवण ठेवणारी सीट, शिकणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असं बरंच काही असेल, तर बॅकअप लावलेला बरा. तुमची गाडी या दुसऱ्या गटात मोडते. तरी आधी कार्ड शोधाच. मॅन्युअलच्या पाकिटात, नाहीतर ग्लोव्ह बॉक्सच्या आत चिकटवलेलं असतं. नसेल तर चेसिस नंबर आणि आरसी दाखवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या. अंदाजानं आकडे टाकत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर सेट कुलूप लावतो आणि तासभर तरी थांबायला लावतो.

बॅकअपसाठी माझ्याकडे यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी आहे. तिच्या प्लसवर ५ अँपियरचा फ्यूज, त्यापुढे ६ अँपियरचा डायोड, चंदेरी पट्ट्याची बाजू गाडीकडे. डायोड कशाला? नवी बॅटरी जोडल्या क्षणी ती आपल्या छोट्या बॅटरीत करंट ढकलायला लागते, ते थांबवायला. या दोन तारा स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे स्कॅनर लावायच्या, सॉकेटमध्ये जाणाऱ्या प्लगला जोडलेल्या असतात. त्या सॉकेटमध्ये १६ पिना असतात, १६ नंबरवर कायमचा प्लस आणि ४ आणि ५ वर अर्थ. असा तयार प्लगही बाजारात मिळतो. लावण्याआधी मात्र चावी बंद असताना १६ नंबरवर १२ व्होल्ट येतात का हे मीटरनं बघा. येत नसतील तर तुमच्या गाडीत या रस्त्यानं बॅकअप जाणार नाही, विषय संपला.

काम सकाळी आठच्या आत घ्या. उन्हात तापलेल्या बॉनेटखाली घाई होते आणि घाईत पाना घसरतो. ड्रायव्हरकडची काच पूर्ण खाली करा. एक तर तारा तिथून आत घेता येतात आणि दार लावून ठेवता येतं, दुसरं म्हणजे जोडणीच्या वेळी काही गाड्या आपणहून लॉक होतात आणि चावी आत असली की पंचाईत. बॅटरी डिकीत असणाऱ्या गाड्यांत तर डिकीचं झाकण चुकूनही लावू नका. आतला दिवा बटणानं बंद, एसी, ब्लोअर, म्युझिक बंद, चावी बाहेर. बटण-स्टार्ट असेल तर चावी गाडीपासून लांब, घरात ठेवा. खिशात असली तर गाडी झोपत नाही.

मग थांबा. यात आमच्या धंद्यातलेच नव्वद टक्के लोक चुकतात, आणि एका काळी मीही चुकायचो. चावी बंद झाली तरी कंट्रोलर लगेच झोपत नाही. काही गाड्यांत दिवसभरात शिकलेल्यातला काही भाग तो पाटीवरून दगडावर उतरवून घेत असतो. बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, युरियाची व्यवस्था असेल तर तिचा पंप नळीतलं द्रव टाकीत परत ओढत असतो. मध्येच सप्लाय तोडला तर ते नळीत राहून सुकतं आणि नळी चोंदते. काही मिनिटं पुरतात, मी २० मिनिटं धरतो. कोपऱ्यावर जाऊन तर्री-पोहे खाऊन या, तोवर गाडी झोपते.

आता ओबीडीत बॅकअप लावा. बॅटरीचा मायनस आधी सोडवा, प्लस नंतर. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. मायनस आधी का, तर पहिल्यांदा प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर बॅटरीचा सगळा करंट पान्यातून जातो, पाना लाल होतो आणि हातही जातो. मायनस सुटला की ही भीती संपते. साध्या वेळी संपते. बॅकअप लावलेला असताना नाही!

मघाशी म्हटलेला धोका हाच. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी प्लसचा मोकळा क्लॅम्प मेलेला नसतो. ओबीडीतून आत गेलेला सप्लाय त्या क्लॅम्पवर हजर असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी फ्यूजशिवाय बॅकअप लावायचो, कारण ‘दहा मिनिटांचं तर काम आहे’. बॅटरी उचलताना प्लसची केबल सुटली आणि सस्पेन्शनच्या कप्प्याला टेकली. ठिणगी, वास, आणि डॅशबोर्डखालून धूर. ओबीडीच्या बारीक तारेचं रबर वितळून शेजारच्या चार तारांना चिकटलं होतं. गिऱ्हाईक समोर चहा घेऊन उभं होतं. दिवसभर डॅशबोर्ड खोलून वायरिंग बदललं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून फ्यूज हा पहिला आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा हा दुसरा नियम. क्लॅम्प सुटला की लगेच त्यावर ट्यूब चढवायची आणि बाजूला बांधून ठेवायचा. दुकानातल्या पोट्ट्याला मी बाकी काही बोलत नाही, पण उघडा क्लॅम्प दिसला की ओरडतो.

नवी बॅटरी ठेवताना प्लस कोणत्या बाजूला आहे ते बघून ठेवा. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर या दोन बॅटऱ्या दिसायला जुळ्या बहिणी, पण शेवटचं अक्षर प्लस कोणत्या बाजूला ते सांगतं. उलटी आली की केबल पोचत नाही, मग लोक ओढाताण करतात किंवा बॅटरीच फिरवून ठेवतात, आणि चुकून प्लस-मायनस उलटे लागले तर मेन फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. त्यापुढे घड्याळ शून्यावर जाणं म्हणजे काहीच नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवा, कोरडं करा. जोडताना आधी प्लस, मग मायनस. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात. बॅटरी दाबून धरणारी पट्टी विसरू नका. सिमेंट रस्त्यांच्या जोडांवरून रोज धडधडणारी मोकळी बॅटरी वर्षभर आधीच जाते. सगळं आवळलं की ओबीडीतला प्लग काढा.

एका प्रकारच्या गाडीत मात्र मी मुद्दाम बॅकअप लावत नाही, भले गिऱ्हाईक कितीही म्हणो. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच चालू होणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्या. त्यांच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरी किती थकली याचा हिशेब त्यावरून गाडी ठेवते. तुम्ही सप्लाय न तोडता बॅटरी बदलली, तर गाडीला वाटतं तीच म्हातारी बसली आहे आणि ती नव्या बॅटरीला म्हातारीच्याच हिशेबानं वागवते. इथे विसरणंच हवं असतं. बऱ्याच गाड्या सप्लाय तुटल्यावर काही तास शांत उभ्या राहिल्या की नव्यानं हिशेब मांडतात. काही महागड्या युरोपीय गाड्यांत स्कॅनरनं ‘नवी बॅटरी बसवली’ अशी नोंद करावी लागते. आणि या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीचीच, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणारी, बॅटरी लागते. स्वस्तात साधी बसवली तर ती वर्षभरही टिकत नाही, हे मी पुरेशा वेळा पाहिलं आहे.

समजा, एवढं करूनही काही गेलंच, फ्यूज उडाला, कोणी दार उघडलं. लोड घेऊ नका. काच बटणानं पूर्ण वर न्या आणि वर गेल्यावरही बटण पाच सेकंद ओढून धरा. काही गाड्यांत खाली नेऊनही तसंच धरावं लागतं. हे होईपर्यंत काचेतलं हात अडकल्यावर थांबायचं सेफ्टीचं काम बंद असू शकतं, तेव्हा लहान मुलांना खिडकीपासून दूर ठेवा. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा किंवा घसरत्या गाडीचा दिवा लागून राहिला तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा, बहुतेकदा तो विझतो.

आयडलिंगसाठी एसी, दिवे सगळं बंद ठेवून चावी ऑन करा आणि दहा सेकंद तशीच राहू द्या. मग इंजिन चालू करा आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत उभी ठेवा. मग एसी लावून आणखी पाच मिनिटं. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत लिहिली असेल तर ती पाळा, माझी नको. त्यानंतर गाडीला शिकू द्या. सीताबर्डीच्या गर्दीत थोडी, मग वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पहिल्या दिवशी जरा झटके देत बदलेल, तो तुमच्या पायाची सवय नव्यानं शिकत असतो. त्या दिवशी मुद्दाम दाबून रेस देऊ नका, रोजच्यासारखीच चालवा.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावरही सिग्नलला थरथरत असेल, तर पुन्हा बॅटरी काढून ‘रिसेट’ करायच्या मागे लागू नका. थ्रॉटल बॉडी काढून साफ करून घ्या, आणि ज्याच्याकडून साफ कराल त्याच्याकडे स्कॅनर आहे ना हे आधी विचारा. साफ केलेल्या थ्रॉटलला जुनं शिकलेलं पुन्हा पुसूनच द्यावं लागतं.